साक्षीदाराचा पत्ता

ओमानमधल्या निझव्याच्या एका सरकारी कॉलेजात मी अकरा वर्षं लायब्ररी असिस्टंट होतो. पुस्तकं लावणं, विद्यार्थ्यांना प्रिंट काढून देणं, दुपारी अडीचला दार ओढून घेणं, एवढंच काम. बायको तिथल्याच हॉस्पिटलात नर्स. मुलगी इंडियन स्कूलमध्ये. आमचं बरं चाललं होतं. अशात २०१३ साली कॉलेजात इंग्रजी शिकवायला एक अमेरिकन बाई आल्या. त्यांच्यामुळे आमच्या घरात जे घडलं, ते मला लिहून ठेवायचं आहे.

बाई साठीच्या होत्या. उंच, काळ्या, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, गेल्या की झांजीबारहून परतलेल्या ओमानी घराण्यांतले म्हातारे दुकानदार त्यांच्याशी सरळ स्वाहिलीत बोलायला लागायचे. बाई हसून हात हलवायच्या. एकदा एका विद्यार्थ्यानं माझ्यासमोर त्यांना विचारलं, "टीचर, तुम्ही मूळच्या आफ्रिकेतल्या कुठल्या?"

त्या म्हणाल्या, "बाळा, ज्यांना ते माहीत होतं त्यांनी लिहून ठेवलं नाही. त्यांना लिहू दिलंच नव्हतं."

पोरगा ओशाळला. मी पुस्तकांवर शिक्के मारत होतो, ते मारतच राहिलो. मान वर केली नाही. ते उत्तर मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्या टेबलासमोरच्या कॉम्प्युटरवर बसून आपल्या गावाकडच्या बातम्या वाचायच्या. अमेरिकेच्या दक्षिणेत त्यांचं गाव होतं, कागदाच्या गिरणीभोवती वसलेलं. आई शाळेत स्वयंपाकीण. बाई बारा वर्षांच्या असताना आईबरोबर कचेरीत गेल्या होत्या, आईचं नाव मतदार यादीत घालायला. कारकुनानं आईपुढे राज्यघटनेतला एक परिच्छेद ठेवला, वाचायला लावला, अर्थ विचारला. आईनं सांगितला. कारकून म्हणाला, चूक. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हाही चूक. पुढे कायदा बदलला, तेव्हा कुठे नाव लागलं. बाईंनी मग कॉलेजात असताना गावोगावच्या चर्चमधून फिरून लोकांची नावं नोंदवली, मोर्चे काढले, एकदा पोलीस कोठडीतही राहून आल्या. नंतर तीस वर्षं शाळेत शिकवलं. नवरा गेल्यावर ओमानला आल्या.

"का आलात?" मी विचारलं होतं.

"दमले होते," त्या म्हणाल्या. "आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. आमच्याकडे दमलेल्या माणसाला लोक पळपुटा समजतात."

२०१४च्या उन्हाळ्यात त्यांच्या देशात एका गावी पोलिसांच्या गोळीनं एक काळा तरुण मेला आणि रस्तोरस्ती माणसं उतरली. तीन आठवडे बाई डबा उघडायच्या, न खाताच बंद करायच्या. मी विचारलं, "तुमच्या ओळखीचा होता?"

"नाही. पण त्याच्या आईला आता लोक काय काय विचारतील, ते मला माहीत आहे. तो तिथे कशाला गेला होता? त्यानं उलट उत्तर का दिलं?" मग म्हणाल्या, "माझा भाचा मोर्चात आहे. आणि मी इथे एसीत बसलेय."

मी त्यांना चहा आणून दिला.

आता माझ्याबद्दल. मी महाड तालुक्यातला. ज्या तळ्याच्या पाण्यासाठी आमच्या माणसांची डोकी फुटली, त्या तळ्यावर माझे आजोबा सतराव्या वर्षी गेले होते. ओंजळभर पाणी प्यायले आणि पाठीवर काठीचे वळ घेऊन घरी आले. हे मी लहानपणी शंभरदा ऐकलेलं. पण मुंबईच्या एजंटानं माझा पासपोर्ट काढताना आडनावाच्या जागी वडलांचं नाव टाकलं, आणि मी ते दुरुस्त करायला सांगितलं नाही. सोयीचंच होतं. ओमानात आडनावाशिवाय माझं काही अडलं नाही. निझव्यात पाच-सहा मराठी घरं होती, गणपती, दिवाळी एकत्र व्हायची. कुणी विचारलंच तर मी म्हणायचो, "आमच्याकडे वडलांचंच नाव लावतात." बायकोनंही तेच पाठ केलं होतं. मुलीला तर दुसरं नाव आहे हेच ठाऊक नव्हतं.

२०१६च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. मुलीच्या शाळेची बस त्या दिवशी तिला कॉलेजच्या फाटकाशी सोडून गेली होती, कारण बायकोची दुपारची ड्यूटी होती. ती तेव्हा बारा वर्षांची. माझ्या टेबलाशी बसून गणितं करत होती. बाई आल्या, त्यांच्या हातात एक लांब पाकीट.

"माझी मतपत्रिका आहे," त्या म्हणाल्या. "परदेशातून पोस्टानं पाठवायची. आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, पाकिटावर साक्षीदाराची सही लागते. मी तुमच्यासमोर सही केली, एवढंच तुम्ही सांगायचं. कुठल्याही देशाचा माणूस चालतो, मी विचारून घेतलंय."

"राष्ट्राध्यक्षाची निवडणूक ना?"

"ती आहेच. पण मला शेरीफची काळजी आहे. तो आमच्या जिल्ह्याचा पोलीसप्रमुख, तोही मतांवर निवडून येतो. राष्ट्राध्यक्ष लांब असतो. रस्त्यात गाडी थांबवून माझ्या भाच्याला खाली उतरवणारा शेरीफचा माणूस असतो."

त्यांनी सही केली. मग पाकीट माझ्याकडे सरकवलं. तिथे तीन चौकटी होत्या. पहिलं नाव, मधलं नाव, शेवटचं नाव. मी पहिल्यात माझं नाव लिहिलं, शेवटच्यात वडलांचं.

"मधली रिकामी?" बाईंनी विचारलं.

"मधलं नाव म्हणजे आमच्यात वडलांचं."

"मग ते मधल्या चौकटीत पाहिजे. शेवटी काय येतं?"

मी पेन तसंच धरून बसलो.

"माफ करा," त्या म्हणाल्या. "हे लोक काहीही कारण काढून पाकीट बाजूला टाकतात, म्हणून मी कटकट करते. शेवटचं नाव नसेल तर राहू द्या."

"आहे," मी म्हणालो.

त्यांनी जास्तीचं दुसरं पाकीट काढलं, त्यावर पुन्हा सही करून मला दिलं. मी तीन चौकटी भरल्या. आडनाव लिहिताना इंग्रजी स्पेलिंग काय करायचं हेही मला क्षणभर आठवेना. शेवटचं ते मी नोकरीच्या आधी, जातीच्या दाखल्यावर पाहिलं होतं. खाली पत्ता. निझव्यात कुणाच्या घरी पोस्टमन येत नाही, पत्रं पोस्टातल्या पेटीत येतात. मी कॉलेजचा पोस्ट बॉक्स नंबर लिहिला आणि सही केली.

मुलगी टेबलाच्या पलीकडून उलटं वाचत होती. "बाबा, दॅट्स नॉट अवर नेम."

गाडीत मी तिला सांगितलं की ते आपलं जुनं आडनाव.

"मग आपण का नाय लावत?"

"इथे गरज पडत नाही."

"इज इट अ बॅड नेम?"

"नाही."

"मग फ्रेंड्सना सांगू?"

मी म्हणालो, "बाहेर सांगायची गरज नाही." बोललो तेव्हाच कळलं, आपण तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर देऊन बसलोय. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

त्याच महिन्याच्या शेवटी दिवाळी होती. पुण्याचं एक जोडपं होतं, आमच्यापेक्षा जरा वडील. त्यांच्याकडे सगळ्यांचा फराळ. माझी बायको तिथे सकाळपासून राबत होती. पोरं सतरंजीवर बसली होती. यजमानीण बाईंना आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. त्यांनी करंज्या वाढता वाढता सहज माझ्या मुलीला विचारलं, "काय गं, तुमचं मूळ गाव कुठलं? आणि आडनाव?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीच खूण केली नाही. होकाराची नाही, नकाराचीही नाही. मग तिनं गाव सांगितलं आणि आडनावही सांगितलं. अडखळत, पण स्वच्छ.

"हो का?" वहिनी म्हणाल्या. "छान, छान." आणि पुढच्या पोराकडे वळल्या. कुणी काही वाईट बोललं नाही. त्यांचे यजमान माझ्याशी क्रिकेटबद्दल बोलत होते ते बोलत राहिले, फक्त आवाज थोडा मोठा झाला. आम्ही निघालो तेव्हा नेहमीप्रमाणे फराळाचा डबा हातात आला नाही. विसरल्या असतील, असं मी बायकोला म्हणालो. ती पुढे चालू लागली.

जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. ते झाल्याचं बायकोला फोनवरच्या फोटोंवरून कळलं. बाकीच्या पाचही घरच्या बायका ओळीनं उभ्या. ती फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात आली.

"सात वर्षं," ती म्हणाली, "सात वर्षं मी त्या घरात पोळ्या लाटल्या. वहिनींच्या बाळंतपणात सगळं केलं. आणि तुम्हाला त्या कुठल्या अमेरिकेच्या पाकिटावर लिहायचं होतं?"

"बाईंनी विचारलं..."

"तुम्हाला विचारलं ना? मग मला विचारायचं होतंत. नाव तुमच्या एकट्याचं आहे का?"

तिचं बरोबर होतं. ते नाव लपवताना आम्ही दोघांनी मिळून लपवलं होतं. उघडं केलं ते मी एकट्यानं, तेही तिला न सांगता, आणि भोगायला तिला लागलं. पुरुषांचं काय, आम्ही सूकमध्ये भेटलो तर अजूनही हात मिळवत होतो.

त्या पाकिटाचं काय झालं ते मधल्या काळात कळलं होतं. डिसेंबरात बाई एक कागद घेऊन आल्या. मतपत्रिका मोजली गेली नव्हती. कारण, साक्षीदाराचा पत्ता अपुरा. पोस्ट बॉक्स चालत नाही, राहत्या घराचा पत्ता हवा. हरकत घ्यायची मुदत कागद पोचायच्या आधीच उलटून गेली होती.

मी तो कागद दोनदा वाचला. "पत्ता मी लिहिला होता," मी म्हणालो.

"तुम्ही खोटं लिहिलं होतं का?"

"नाही. पण इथे घराला पत्ताच नसतो..."

"मग चूक तुमची नाही. माझ्या आईचंही उत्तर बरोबर होतं." त्या खुर्चीत बसल्या. चिडलेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "मला वाटायचं, तो कारकून मेला. म्हणजे मेलाच आहे तो, त्याच्या मातीला आमच्याच चर्चच्या बायकांनी जेवण केलं होतं. पण त्याची खुर्ची तशीच आहे."

संक्रांतीनंतर मी त्यांना आमच्या घरचं सगळं सांगितलं. आडनाव, फराळ, फोटो. तोवर मी कधीच, कुठल्याच परक्या माणसाला, जात ही गोष्ट पहिल्यापासून समजावून सांगितली नव्हती. इंग्रजीत सांगताना शब्द कमी पडत होते. शेवटी तळ्याची गोष्ट सांगितली. आजोबा, ओंजळ, काठी.

"पाण्यासाठी?" त्यांनी विचारलं. "फक्त प्यायच्या पाण्यासाठी?"

"तळं सगळ्या गावाचं होतं. गुरं पाणी प्यायची त्यात."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "आमच्या कोर्टाच्या आवारात पाण्याचे दोन नळ होते, एक गोऱ्यांचा, एक आमचा. माझ्या आईनं मला एकदाही चुकीच्या नळाकडे जाऊ दिलं नाही. मी तिला भित्री समजायचे." मग विचारलं, "तुमच्या मुलीला आजोबांची गोष्ट माहीत आहे?"

"अजून नाही."

"कधी सांगणार?"

मी घरी गेलो आणि त्या संध्याकाळी सांगितली. मुलीला मराठी नीट समजत नव्हतं तिथे बायको इंग्रजी शब्द पुरवत होती. माझ्याशी बायको अजून धड बोलत नव्हती, पण गोष्ट अर्धवट सांगू देईना. स्वतःच्या आजीचीही एक गोष्ट तिनं मध्येच घातली. आजीला शाळेत दाराबाहेर बसवायचे, ती तिथून पाढे ऐकून पाठ करायची. ही गोष्ट मलाही ठाऊक नव्हती.

बाईंनी जूनमध्ये राजीनामा दिला. भाच्याबरोबर गावात काम करायचं होतं. ज्यांच्या मतपत्रिका अशा बाजूला टाकल्या जातात त्यांना शोधायचं, मुदतीच्या आत कागद दुरुस्त करून घ्यायचे. मी त्यांना मस्कतच्या विमानतळावर सोडायला निघालो तेव्हा बायको म्हणाली, मीही येते. मला आश्चर्य वाटलं. बाईंचं ब्लडप्रेशर ती दर महिन्याला तपासायची, पण संक्रांतीपासून कामापुरतंच बोलत होती.

गाडीत ती मागे बाईंच्या शेजारी बसली. डोंगर मागे पडल्यावर म्हणाली, "मॅडम, मी तुमच्यावर रागावले होते."

"मला माहीत आहे. ब्लडप्रेशर बघताना तुम्ही पट्टा फार आवळत होता."

बायको हसली. मग विचारलं, "तुमच्याकडे पोरांना हे सगळं कधी सांगतात?"

"शाळेत कुणी सांगायच्या आधी," बाई म्हणाल्या. "घरी ऐकलं की पोर रडतं. बाहेर ऐकलं की गप्प होतं. रडलेलं बरं."

विमानतळावर बायकोनं गोळ्यांची यादी त्यांच्या पर्समध्ये घातली आणि मीठ कमी खायला तीनदा बजावलं.

त्यांची ईमेलं यायची. चर्चच्या तळघरात एक टेबल, दोन फोन, नावांची यादी. लोक फोन उचलत नाहीत, उचलला तर वसुलीवाले समजून ठेवून देतात. मग घरी जायचं, जिने चढायचे. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, माझं मत गेली कित्येक वर्षं मोजलं जात नाहीये हे मला कुणी सांगितलंच नाही, मी आपला दर वेळी पाठवतोय. हे वाचून मी बायकोला हाक मारली आणि तिलाही वाचून दाखवलं.

२०१८च्या नोव्हेंबरात त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मतदान केंद्राबाहेरच्या गाड्यांच्या जागेत उभ्या होत्या, कोट घालून, बारीक झालेल्या. स्वतः रांगेत उभं राहून मत देऊन आल्या होत्या. दोन दिवसांनी निकाल कळवला. त्यांचा शेरीफचा उमेदवार हरला होता. "पण या वेळी आम्ही मोजून हरलो," असं लिहिलं होतं. "तुम्हाला वाटेल ही काय सांगायची गोष्ट आहे. आमच्याकडे आहे."

फेब्रुवारीत भाच्याचं ईमेल आलं. बाई रविवारी सकाळी उठल्या नाहीत. ब्लडप्रेशर आधीपासून होतंच. त्यांच्या वहीत जेवढे पत्ते होते तेवढ्या सगळ्यांना त्यानं कळवलं होतं.

कॉलेजात मी नव्या विभागप्रमुखांना सांगितलं. ते नुकतेच आलेले, त्यांनी बाईंना पाहिलं नव्हतं. म्हणाले, वाईट झालं. मग एक जुनी विद्यार्थिनी, आता तिथेच कारकून असलेली, हे ऐकून काउंटरपाशी आली आणि उभ्या उभ्या रडली. "माझ्या निबंधातली एकही चूक त्या स्वतः दुरुस्त करायच्या नाहीत," ती म्हणाली. "माझ्याकडूनच करून घ्यायच्या."

घरी बायको स्वतःलाच दोष देत होती. तिला वाटत होतं, गोळ्या बदलायला हव्या होत्या, आपण फोनवर पुन्हा विचारायला हवं होतं. मी म्हटलं, एवढ्या लांबून काय करणार? ती म्हणाली, "एप्रिलमध्ये रुसैलला जाऊ या."

मस्कतजवळच्या रुसैलच्या कारखान्यांत काम करणारी आमची बरीच माणसं आहेत. वेल्डर, फिटर, क्रेनवाले. विदर्भातली, मराठवाड्यातली, काही आमच्याच जिल्ह्यातली. कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहतात. एप्रिलमध्ये जयंतीच्या जवळच्या शुक्रवारी, क्वार्टर्स सांभाळणाऱ्या कॅम्पबॉसची परवानगी काढून, मेसमध्ये जमतात. त्यातला एक फिटर हॉस्पिटलात पाय मोडून आला होता तेव्हापासून बायकोला दर वर्षी फोन करायचा, ताई, या. दर वर्षी माझी काहीतरी अडचण निघायची.

त्या शुक्रवारी आम्ही तिघं गेलो. मेसच्या एका जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर, त्यावर निळ्या कोटातली तसबीर, मेणबत्त्या. चाळीसेक माणसं धुतलेले शर्ट घालून बाकांवर बसली होती. बायका फक्त माझ्याच घरच्या दोन. त्या फिटरनं माझी ओळख करून दिली तेव्हा मी पूर्ण नाव सांगितलं. एक वयस्क वेल्डर पुढे आला.

"महाडकडचे? मग इतकी वर्षं होता कुठं, दादा?"

"निझव्यात," मी म्हणालो.

"निझवा म्हणजे दीड तासाचा रस्ता." तो मला टोचून बोलत नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. मी मान खाली घातली. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला पुढच्या बाकावर नेऊन बसवलं.

भाषणं झाली. मग कुणीतरी म्हणालं, पोरीला बोलू द्या. मुलगी पंधरा वर्षांची झाली होती. तिला मराठीत बोलायची लाज वाटत होती, पण उठली. पणजोबांच्या तळ्याची गोष्ट सांगितली. मग अमेरिकेतल्या एका टीचरच्या आईची. कुठे शब्द अडला की इंग्रजी घालायची, आणि बाकावरचं कुणीतरी मोठ्यानं मराठी शब्द द्यायचं. राज्यघटनेतल्या परिच्छेदाचा अर्थ आईनं बरोबर सांगितला तरी कारकून चूक म्हणाला, इथे ती आली तेव्हा मेसमधली कुजबुज थांबली. सगळ्यांना ती गोष्ट माहीत असल्यासारखी.

शेवटी खीर होती. मेसचा स्वयंपाकी रत्नागिरीचा, मुसलमान. दर वर्षी ही खीर तोच करतो, दुसऱ्या कुणाला पातेल्याला हात लावू देत नाही. वाढताना त्यानं मुलीला विचारलं, "ती टीचर आता कुठं असते?"

"त्या वारल्या," मुलगी म्हणाली. "फेब्रुवारीत."

"अरे," तो म्हणाला. मग तिच्या वाटीत आणखी एक पळी वाढून पुढच्या माणसाकडे गेला.